साध्या यंत्रांचा जमाखर्च

अडकित्ता हा तरफेच्या कोणत्या प्रकारात मोडतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील कोणताही बऱ्यापैकी शाळकरी विद्यार्थी न अडखळता देतो. टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार मध्ये, म्हणून दुसरा प्रकार, हे त्याने वहीत उतरवून घेतलेले असते आणि परीक्षेत त्याबद्दलचा ठरलेला गुण त्याला बिनतक्रार मिळतो. परंतु त्या अडकित्त्याच्या दांड्या वीतभरच का असतात, हातभर का नसतात, हे त्याला कोणी विचारीत नाही. विचारले असते, तर दांडी लांब केली म्हणजे कमी बल पुरते हे त्याने घोकलेले तत्त्व एकदम अडचणीत आले असते. कारण त्या न्यायाने हातभर लांबीचा अडकित्ता अधिक सोयीचा ठरावयास हवा, आणि प्रत्यक्षात त्याच्या दांड्यांची टोके इतकी दूर फाकतील की ती एका मुठीत येणार नाहीत, तो पानाच्या डब्यात मावणार नाही, आणि सुपारी फुटण्याच्या ऐन क्षणी बोटांना तिचा जो अंदाज यावा लागतो तोही येणार नाही. तत्त्व आणि वस्तू यांच्यामध्ये माणसाची मूठ, डब्याची लांबी, सुपारीचा कठीणपणा आणि लोहाराची मजुरी अशा कितीतरी अटी उभ्या असतात, आणि त्या अटींशी घासाघीस करीत तत्त्वाला वस्तूचे रूप देणे हेच अभियंत्याचे काम होय. शाळेत आपण तत्त्व सांगतो, वस्तूचे नाव सांगतो, आणि मधला सगळा मुलूख गाळून पुढच्या धड्याकडे वळतो.

साध्या यंत्रांचे वर्गीकरण करण्याची ही हौस फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू आणि चाक-आस अशी पाच यंत्रे मोजली. उतरणीला त्या पंक्तीत स्थान मिळावयास युरोपातील प्रबोधनकाळ उजाडावा लागला, आणि तिचे गणित सायमन स्टेव्हिनने १५८६ साली नीट मांडले. पण या सर्व यंत्रांच्या पोटात एकच व्यवहार चालू असतो ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगण्याचे श्रेय गॅलिलिओकडे जाते. यंत्राच्या युक्तीने निसर्गाला फसविता येईल अशी तत्कालीन कारागिरांची समजूत होती, आणि सन १६००च्या सुमारास यंत्रशास्त्रावरील आपल्या छोट्याशा ग्रंथात तिचा समाचार घेताना त्याने दाखवून दिले की जे बलात वाचते ते अंतरात किंवा वेळात पुरेपूर मोजून द्यावे लागते. यंत्र म्हणजे जमाखर्चाची वही होय. जमेच्या बाजूला काही लिहिले की नावेच्या बाजूला तितकेच, आणि घर्षणामुळे थोडे अधिकच, लिहावे लागते. या एका वाक्याचा बोध विद्यार्थ्याला झाला, तर यंत्रांची संख्या पाच की सहा हा प्रश्न त्याने विसरून गेला तरी माझी हरकत नाही.

तो बोध करून देण्यास प्रयोगशाळेची गरज लागत नाही. तीस सेंटिमीटरची पट्टी मध्यभागी पेन्सिलीवर तोलून एका बाजूला सहा सेंटिमीटरवर एकावर एक दोन नाणी ठेवली, तर दुसऱ्या बाजूला बारा सेंटिमीटरवरचे तसलेच एक नाणे त्यांना तोलून धरते, एवढे बहुतेक शिक्षक दाखवितात. मात्र तेथेच थांबण्याचा शिरस्ता आहे. पट्टी हलकेच दाबून, एकट्या नाण्याला दोन सेंटिमीटर खाली यावे लागते तेव्हा जोडनाणी एकच सेंटिमीटर वर चढतात, हे मुलांकडून मोजून घेतल्याखेरीज जमाखर्चाची दुसरी बाजू उघडतच नाही. उतरणीचेही तसेच. मालमोटारीला टेकविलेल्या फळीचे चित्र पुस्तकात असते, आणि पुण्या-मुंबईची मुले ज्या बोरघाटातून आगगाडीने जातात-येतात त्याचा उल्लेखही नसतो. १८६३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या त्या लोहमार्गाने सुमारे अठराशे फुटांची उंची गाठण्यासाठी सुमारे सोळा मैलांची वाट पत्करली, आणि तरीही काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा, रेल्वेच्या मानाने अतिशय खडा, चढ त्याला टाळता आला नाही. एके जागी तर डोंगराचा कणा इतका अरुंद होता की गाडीला वळण घेण्यास वाव नव्हता; तेव्हा गाडी थांबवून, इंजिन उलट्या टोकाला लावून, आल्या दिशेलाच तिरक्या वाटेने वर जाण्याची तजवीज करावी लागली, आणि ती १९२९ पर्यंत चालू होती. उतरणीचे तत्त्व निर्दोष असताना अभियंत्याला असा लाजिरवाणा दिसणारा मार्ग का स्वीकारावा लागला, हा प्रश्न वर्गात विचारला, तर तास अपुरा पडेल.

अलीकडे शालेय शिक्षणात अभियांत्रिकी रचनेच्या प्रक्रियेचा गाजावाजा होऊ लागला आहे, तो या पार्श्वभूमीवर स्वागतार्ह वाटावा. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या नव्या मानकांत या प्रक्रियेला भौतिक आणि जीवशास्त्राच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले. आपल्याकडे २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेखाली निवडक शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालविण्याची तरतूद झाली. तथापि प्रक्रिया शिकवावयाची म्हणजे काय, याबद्दलची आपली कल्पना तपासली पाहिजे. समस्या ठरवा, माहिती मिळवा, पर्याय सुचवा, प्रतिकृती करा, चाचणी घ्या, सुधारणा करा, अशा पायऱ्या बाणांनी जोडलेले एक रंगीत वर्तुळ भिंतीवर टांगले जाते, आणि थोड्याच दिवसांत तरफेच्या तीन प्रकारांप्रमाणे त्याही पायऱ्या पाठ होतात. शिवाय बाजारात तयार संच मिळतात. भोके आधीच पाडलेली असतात, कोणता दांडा कोणत्या भोकात हे छापील कागदावर दिलेले असते, आणि मुलाकडे निर्णय घेण्याजोगे काही उरत नाही. पुस्तकातील वर्गीकरण निदान स्वस्त तरी होते.

माझे म्हणणे इतकेच आहे की रचना शिकवावयाची असेल तर प्रारंभ अटींपासून केला पाहिजे, आणि अटी कशा असाव्यात हे पाहावयाचे असेल तर १९२९ सालच्या एका जाहिरातीइतके बोलके उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच मिळेल. गांधीजींच्या प्रेरणेने चाललेल्या अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी त्या वर्षी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. चरखा हलका आणि सहज हलविता येण्याजोगा असावा. खेड्यातील झोपडीत हाताने अथवा पायाने स्वाभाविकपणे चालविता यावा. एखाद्या स्त्रीला सलग आठ तास फारसा शीण न होता त्यावर काम करता यावे. तेवढ्या वेळात बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. यंत्र वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांपेक्षा, म्हणजे साडेसात रुपयांपेक्षा, अधिक होऊ नये. सोळा हजार फूट म्हणजे मिनिटाला सुमारे तेहतीस फूट. या अटी सुट्या सुट्या पाहिल्या तर कोणतीच अवघड नाही. चात्या वाढविल्या की सूत वाढते, पण वजन आणि किंमत वाढते आणि फिरविणारीचा शीण वाढतो; चाक मोठे केले की चातीला वेग मिळतो, पण चरखा झोपडीत अडचण करतो; लोखंड वापरले की वीस वर्षांची हमी देता येते, पण गावच्या सुताराला दुरुस्ती जमत नाही. प्रत्येक अट दुसरीची गळचेपी करते. चाक-आसाचा धडा आणि रचनेचा धडा येथे एकच होऊन जातो, कारण बल आणि अंतर यांचा जो व्यवहार गॅलिलिओने दाखविला, त्यातच आता पैसा, शीण, जागा आणि गावातील कारागिराची ऐपत ही नवी खाती उघडली जातात.

नांगराच्या कारखानदारीत नाव मिळविलेल्या किर्लोस्करवाडीनेही या स्पर्धेसाठी एक चरखा सिद्ध केला. त्याला पारितोषिक मिळाले नाही. ते कोणालाच मिळाले नाही. पुढे येरवड्याच्या कारागृहात गांधीजींनी जो घडीचा पेटी-चरखा वापरात आणला, त्यात एकाच्या जागी दोन चाके घेऊन मोठ्या चाकाचे काम थोड्या जागेत साधले होते. पण तो मुख्यतः प्रवासात बरोबर नेता यावा या अटीवर उतरलेला होता, सोळा हजार फुटांच्या अटीवर नव्हे. अधिक सूत देणारा अंबर चरखा तमिळ कारागीर एकांबरनाथ यांच्या प्रयत्नांतून स्वातंत्र्यानंतर आला. आठवी-नववीच्या वर्गात ही जाहिरात वाचून दाखवावी, आणि सर्व अटी पाळणे शक्य नसेल तर प्रथम कोणती सोडाल, व ती सोडल्याने भुर्दंड कोणावर पडेल, असे मुलांना विचारावे, असे मला वाटते. दीडशे रुपयांची अट सोडली तर झोपडीतील स्त्री गिऱ्हाइकांच्या यादीतून बाद होते. आठ तासांची सोडली तर तिची पाठ जाते. यंत्राचा खर्च नेहमी कोणाच्या तरी नावे पडतो, ही जाण केवळ सूत्रांनी येत नाही.

पायऱ्यांचे वर्तुळ भिंतीवर नसतानाही रचना कशी परिपक्व होत असे, हे दख्खनच्या सोंडेच्या मोटेत पाहावे. विहिरीवरची कप्पी जागच्या जागी फिरणारी, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत ती केवळ बलाची दिशा बदलते, बल वाचवीत नाही. मग बैलांचे श्रम कोठे हलके होतात? विहिरीपासून दूर जाणारी धाव उताराची केलेली असते, त्यामुळे भरलेली मोट वर येताना बैलांचे स्वतःचे वजन ओढीत सामील होते, आणि मोटकरी नाड्यावर बसून आपलेही वजन त्यात घालतो. मोट वरच्या चाकाशी पोहोचते त्याच वेळी खालच्या रुळावरून जाणारा बारीक सोंदूर तिची सोंड थारोळ्याकडे ओढतो आणि पाणी आपोआप रिते होते. ओतण्यासाठी विहिरीच्या काठी दुसरा माणूस लागत नाही. सोंदूर थोडा सैल राहिला तर सोंड खाली लोंबून निम्मे पाणी वाटेतच विहिरीत परत जाते, म्हणून दोन दोरांच्या लांबीचे प्रमाण जमविणे हे खरे कसब. आणि या सगळ्याची किंमत? ती बैल देतात. रिकामी मोट खाली सोडताना त्यांना तोच चढ उलट पावलांनी चढावा लागतो. पण त्या वेळी ओझे नसते, आणि नावेची रक्कम अशी सवडीच्या वेळी फेडण्याची सोय ज्यांनी लावली त्यांची बुद्धी सामान्य नव्हे.

मात्र या कौतुकाच्या ओघात एक गोष्ट झाकली जाता कामा नये. मोट शिवणारा चांभार, चाक घडविणारा सुतार आणि नाडा वळणारा मांग यांच्या हातातील हे ज्ञान शाळेच्या पुस्तकात आले नाही, याचे कारण पुस्तक ज्यांच्या हाती होते त्यांनी त्या हातांना आपल्यापासून दूर ठेवले होते. ज्याला लिहिता येत होते तो वाकसास शिवत नव्हता, आणि ज्याच्या हाती वाकस होता त्याला लिहू दिले जात नव्हते. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीमने ही दरी बुजविण्याचा आपल्याकडील सर्वांत धाडसी प्रयत्न केला. परंतु मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा तिच्या गळ्यात पडल्यामुळे पुष्कळ ठिकाणी सूत मोजले गेले आणि सूत का तुटते, हा प्रश्न मागे राहिला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने हाच धागा वेगळ्या रीतीने उचलला. गावाला खरोखर लागणारी कामे विद्यार्थ्यांनी करावीत आणि त्या कामांतून विज्ञान शिकावे, ही तेथील रीत मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाच्या रूपाने राज्यातील इतर शाळांतही गेली. पण ज्या घरांतील मुलांनी डॉक्टर-इंजिनियर व्हावयाचे हे आधीच ठरलेले असते, ती घरे अशा अभ्यासक्रमाकडे अजूनही कमी हुशार मुलांची सोय म्हणून पाहतात. उद्याच्या इंजिनियराला करवत धरू न देणारी ही वृत्ती जुन्या सोवळ्याचीच नवी आवृत्ती आहे, असे मी म्हटले तर ते कठोर वाटेल. पण दुसरे नाव मला सुचत नाही.

साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि साहित्यासाठी शून्य तरतूद, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. तिला उत्तर म्हणून मी एवढेच सुचवीन की वर्षातून सहा यंत्रे उरकण्याऐवजी शाळेच्याच आवारातील एक खरे काम घ्यावे. शालेय पोषण आहाराचे खिचडीने भरलेले पातेले चुलीवरून उतरविताना स्वयंपाक करणाऱ्या बाईंना वाफ सोसून वाकावे लागते. ते एकट्या व्यक्तीला, हात न भाजता, पाच मिनिटांच्या आत उतरविता यावे, साहित्य गावात मिळावे आणि दोनशे रुपयांत भागावे, एवढ्या अटी फळ्यावर लिहाव्यात. कोणी तरफ घेईल, कोणी कप्पी, कोणी चुलीच्या उंचीचा ओटा करून पातेले नुसते सरकविण्याची युक्ती काढील, आणि बहुधा ती सर्वांत चांगली ठरेल. गुण वस्तूला देऊ नयेत. कोणती रचना का टाकून दिली याची नोंद ज्या वहीत आहे त्या वहीला द्यावेत. परीक्षक म्हणून मात्र शिक्षकाने बसू नये. त्या बाईंना आठवडाभर ते साधन वापरू द्यावे, आणि त्यांनी ते कोपऱ्यात टाकून पुन्हा पदराने पातेले उचलावयास सुरुवात केली, तर मुलांनी त्यांच्याकडे जाऊन कारण विचारावे व ते वहीच्या पुढल्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहून काढावे.