वाट्याला आलेलं काम

लंडनच्या कॅमडेन भागात, गॉवर स्ट्रीटवर, नटांना घडवणारी एक जुनी शाळा आहे. तिला राडा म्हणतात. पुण्यात जन्मलेला एक तरुण दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात तिथे शिकला आणि विद्या घेऊन मायदेशी परतला. त्याचं नाव इब्राहिम अल्काझी. १९६२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रं अल्काझींच्या हाती आली. त्यांची शिस्त कडक होती. अभिनय शिकायला आलेल्यांनाही तिथे नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश ही सगळी कामं शिकावी लागत.

पुण्याचीच एक मुलगी त्यांच्या हाताखाली शिकली. ती रोहिणी ओक, लग्नानंतरची रोहिणी हट्टंगडी. पुढे ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबांच्या भूमिकेसाठी तिची निवड झाली. तिशीही न गाठलेल्या या मुलीला चौऱ्याहत्तराव्या वर्षी देह ठेवणाऱ्या बा उभ्या करायच्या होत्या. ती चरखा शिकली. सूत न तुटता निघावं म्हणून हात बसवला. १९८२ मध्ये ‘गांधी’ पडद्यावर आला. त्याच वर्षी ‘अर्थ’मध्ये ती मोलकरीण झाली. ते कामही तिने तितक्याच मनापासून केलं.

तिकडे अमेरिकेत मॉरीन स्टेपलटन नावाची एक नटी होती. १९५१ मध्ये ब्रॉडवेवर ‘द रोझ टॅटू’ नाटकासाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. पण सिनेमाने तिला नायिका केलं नाही. १९६३ च्या ‘बाय बाय बर्डी’मध्ये ती डिक व्हॅन डाइकची आई झाली. हा पडद्यावरचा मुलगा तिच्याहून जेमतेम सहा महिन्यांनी धाकटा होता. तिने आई रंगवली आणि ती पुढच्या कामाला लागली. अशी वर्षं गेली. मग ‘रेड्स’ चित्रपटात अराजकतावादी कार्यकर्ती एमा गोल्डमनची भूमिका आली. ती भूमिकाही लांबीने मोठी नव्हती.

१९८३ मध्ये लंडनला ब्रिटनचे बाफ्टा चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सहायक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी दोन नावं बरोबरीने आली, ‘रेड्स’साठी मॉरीन स्टेपलटन आणि ‘गांधी’साठी रोहिणी हट्टंगडी. मान दोघींना मिळाला.

पुरस्कारानंतरही रोहिणीने भूमिका मोजून मापून घेतल्या नाहीत. १९८४ मध्ये ‘सारांश’मध्ये ती मुलगा गमावलेली म्हातारी झाली. १९९० मध्ये ‘अग्निपथ’मध्ये ती अमिताभ बच्चनची आई झाली. अमिताभ तिच्याहून वयाने कितीतरी मोठा!

नायक-नायिकेची जागा थोड्यांनाच मिळते. बाकीच्यांच्या वाट्याला आई येते, मोलकरीण येते, शेजारीण येते. या दोघींनी वाट्याला आलेलं काम कमी मानलं नाही, म्हणून पाहणाऱ्यांनाही ते कमी वाटलं नाही. आपल्या रोजच्या कामालाही हेच लागू आहे. आणि पुढच्या वेळी नाटक-सिनेमा पाहाल, तेव्हा नायकानंतरची नावंही थांबून वाचा.