साधे सुख आणि त्याचे मोल

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. नरोलीच्या आमच्या घराच्या ओटीवर सकाळी अकराच्या सुमारास एक वारली बाई ताडगोळ्यांची पाटी उतरवून बसली. सुटीसाठी आलेली माझी नात तिच्यासमोर उकिडवी बसून कुतूहलाने पाहत होती. बाईने डझनाचे शंभर रुपये सांगितले. मी सवयीने ऐंशी म्हटले. थोडी घासाघीस झाली आणि नव्वदला सौदा ठरला. दुपारी आम्ही सारे ते गार, पाणीदार गोळे सोलून खात बसलो, तेव्हा मी नातीला माझे नेहमीचे प्रवचन ऐकवले : खरे सुख हे असे साधे असते, त्याला पैसा लागत नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आजोबा, पैसा लागत नाही, तर मग तुम्ही दहा रुपये कमी का करायला लावलेत?"

घरातले सगळे हसले, मीही हसलो. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. आयुष्याची छत्तीस वर्षे सरकारी नोकरीत कागद वाचण्यात गेली, त्यामुळे वाक्यातली विसंगती चटकन दिसते असा माझा समज होता. स्वतःच्याच वाक्यातली विसंगती मात्र नऊ वर्षांच्या मुलीने दाखवून द्यावी लागली. आपण ज्याला 'साधे सुख' म्हणतो ते कोणासाठी साधे असते, हा त्या प्रश्नातला खरा प्रश्न आहे. या टिपणात त्याचाच थोडा विचार करावा असे योजले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात उन्हाळ्याच्या सुटीचे एकच चित्र असेल. भिलाड स्थानकावर उतरायचे, तिथून नरोलीची वाट धरायची, आणि घर दिसू लागले की धावत सुटायचे. दुपारी माठातले पाणी, कैरीचे पन्हे, नागलीची आंबील. पानाच्या द्रोणात करवंदे. माळ्यावर गवताच्या आढीत पिकत घातलेले आंबे आणि घरभर पसरलेला त्यांचा वास. उन्हे उतरली की दमणगंगेवर डुंबणे. रात्री अंगणात बाजा टाकून झोपणे, आणि आजोबांच्या तोंडून १९५४ च्या पावसाळ्याची तीच ती कथा पुन्हा ऐकणे : २२ जुलैला दादरा, २८ जुलैला आपली नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. गायक-संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात स्वतः उतरले होते, हे सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी किंचित चढत असे. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि शेतावर वारली-कोकणी बोली, अशा तीन भाषांत ती सुटी सरे. हातात पैसा फारसा नसे आणि त्याची उणीवही भासत नसे.

या सुखाविषयी विचारवंतांनी पूर्वीपासून दोन प्रकारची मते मांडली आहेत. एक मत संन्यस्त वृत्तीचे. गांधीजींच्या आश्रमातील एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत होते. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्याचा अर्थ समजावून सांगितला आहे. अन्न औषधासारखे, शरीराच्या गरजेपुरते घ्यावे. जिभेचे लाड पुरवण्यासाठी घेऊ नये, असा त्याचा मथितार्थ. दुसरे मत ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे. त्याच्या नावावर पुढे चैनखोरीचे बिल फाडले गेले खरे. पण हा मनुष्य अथेन्समधील आपल्या बागेत मित्रांसह भाकरीपाण्यावर समाधानाने राहत असे. मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून थोडे चीज पाठवून दे, असे त्याने एका स्नेह्याला लिहिल्याचे सांगतात. ज्याला चिजाचा एक तुकडा मेजवानी वाटतो, त्याला नशीब फारसे लुबाडू शकत नाही, असा त्यामागचा विचार.

माझा कल अर्थातच एपिक्युरसकडे. ताडगोळा औषध म्हणून खाणे मला जमणार नाही, आणि जमावे अशी इच्छाही नाही. ज्या जिभेने करवंदाचा आंबटगोडपणा ओळखला नाही, ती जीभ उपकार तरी कसले मानणार? तरीही या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे, आणि तीच मला आता खटकते. दोघेही भोगणाऱ्याच्या मनाचा विचार करतात. त्याने आसक्त व्हावे की नाही, थोडक्यात समाधान मानावे की नाही, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न. पाटी उतरवून ओटीवर बसलेली बाई या दोन्ही विचारांत कोठे बसते, हे मला सापडत नाही.

ताडगोळ्याचेच पाहा. ताडात नर आणि मादी ही झाडे वेगवेगळी. फळ धरते ते फक्त मादी झाडाला, आणि तेही लावल्यापासून बारा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ गेल्यावर. म्हणजे लावणारा बहुधा दुसऱ्यासाठीच लावतो. झाड वीस-पंचवीस मीटर सरळ वर गेलेले, आधाराला एक फांदी नाही. त्यावर चढून घड उतरवायचे, कठीण कवच कोयत्याने तासायचे आणि आतले, बहुधा तीन, गोळे न फोडता अलगद काढायचे. आतला गर कोवळा राहण्याचे दिवस मोजकेच. ते टळले की तोच गर दगडासारखा होतो. उतरवलेला माल ऊन चढण्याआधी विकला गेला पाहिजे. तेव्हा आमच्या ओटीवर अकरा वाजता आलेल्या त्या गारव्यामागे कोणाची तरी पहाट होती, कोणाचा तरी जीव झाडाच्या शेंड्यावर टांगलेला होता. खाणाऱ्याला जे साधे वाटते ते आणणाऱ्याला साधे नसते. त्याचे कष्ट आपल्या नजरेआड घडतात, म्हणून ते आपल्याला साधे दिसते.

मोहाच्या फुलांचेही असेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. आपल्याला त्याचा वास आठवतो, आणि काहींना त्यापासून गाळलेली दारूही आठवत असेल. परंतु डोंगरातल्या घरांसाठी ती वाळवून ठेवण्याची बेगमी होती, भुकेच्या महिन्यांतले अन्न होते. मुंबई सरकारने १८९२ साली मोहाविषयी कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले, ते अबकारी उत्पन्नाच्या काळजीने. सरकारला त्या फुलात दारू दिसली, गोळा करणाऱ्याला भाकरी. गौण वनोपजावरील वनवासींचा हक्क देशाच्या कायद्याने स्पष्ट शब्दांत मान्य केला, तो २००६ साली. एकाच फुलाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर पडले.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून हे टिपण प्रामाणिक होणार नाही. महसूल खात्यात असताना माझी काही वर्षे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात गेली. अशाच एका मे महिन्यात, सुटीच्या दिवशी, एक वृद्ध शेतकरी आंब्यांची टोपली घेऊन माझ्या निवासस्थानी आला. वारसनोंदीचा त्याचा अर्ज माझ्याकडे होता. "साहेब, वानवळा आहे," असे म्हणून त्याने टोपली पायरीवर ठेवली. वानवळा हा आपल्या भाषेतला किती गोड शब्द! नव्या पिकातले थोडे शेजाऱ्यापाजाऱ्याला द्यावे, या रीतीला दिलेले ते नाव. वर्तणूक नियम मला पाठ होते. १९७९ चे ते पुस्तक माझ्या टेबलावरच असे. पण वानवळ्याला कोणी लाच म्हणते का, अशी मनाची समजूत घालून मी टोपली घरात घेतली. नोंद कायद्याप्रमाणे होण्यासारखीच होती आणि ती तशीच झाली. आंब्यांसाठी मी कोणाचे काम केले नाही आणि आंब्यांवाचून कोणाचे अडवलेही नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

पुढे वर्षभराने त्या पाड्यावर पाहणीसाठी गेलो, तेव्हा त्याच्या दारचे झाड पाहिले. एकच झाड. त्या साली मोहोर गळाल्यामुळे आंबा फार थोडा धरला होता आणि उतरवलेल्यांपैकी चांगला माल माझ्याकडे आला होता, असे त्याच्या सुनेने सहज बोलता बोलता सांगितले. घरातल्या मुलांना काय मिळाले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी काम अडवणार नव्हतो, हे मला ठाऊक होते. पण त्याला ते कसे ठाऊक असणार? माझ्या सचोटीचा दाखला माझ्या मनात होता. त्याच्या वाट्याला आली ती केवळ माझी खुर्ची. वानवळा बरोबरीच्या माणसांत फिरतो. आज त्याच्या घरून आला, उद्या आपल्या घरून गेला, तरच तो वानवळा. जिथे परत पाठवण्याची वाटच नाही, तिथे त्या शब्दाच्या आडून दुसरेच काही चालते. ते आंबे फार गोड होते, हे मला अजून आठवते, आणि म्हणूनच ती आठवण बोचते. वाईट मार्गाने आलेली वस्तू बेचव लागती, तर नीतीचा प्रश्न किती सोपा झाला असता!

यावर कोणी म्हणेल, की असा विचार करू लागले तर घास गिळणेच अशक्य होईल. सुटीच्या दिवशी माणसाने चार घटका सुखाने घालवू नयेत काय? आक्षेप योग्य आहे. दुधनीला मधुबन जलाशयाच्या काठी सहलीला जाणारा माणूस त्या पाण्याखाली आदिवासी कुटुंबांच्या जमिनी गेल्या, हे क्षणोक्षणी आठवत बसला, तर त्याला सूर्यास्त दिसणार नाही. आणि त्याने सूर्यास्त न पाहिल्याने कोणाची जमीन परत मिळणार नाही. सुख टाकून दिल्याने हिशेब मिटत नाही. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात भोग आणि त्याग एकत्र आणले आहेत, आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये असे त्याला लागूनच सांगितले आहे. त्यागासाठी भोग सोडावा, असा त्याचा अर्थ मी लावत नाही. भोगातच दुसऱ्याच्या हिश्श्याची आठवण ठेवावी, असा लावतो. ही आठवण सुख नासवत नाही, ते खरे करते. ताडगोळ्यामागची पहाट ज्याला ठाऊक आहे, तो गोळा अधिक सावकाश खातो.

मग करावे काय? मोठे उपाय सांगण्याचा माझा अधिकार नाही. बारक्या गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. वाण्याच्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, पाटीवालीशीच तेवढी घासाघीस का करतो, हे एकदा स्वतःला विचारावे. करवंदाच्या जाळीवर पाखरांसाठी आणि मागून येणाऱ्यांसाठी काही ठेवावे. वानवळा जसा घेतो तसा पाठवावा, आणि ज्यांच्या घरी आपण कधी पाठवला नाही त्यांच्या घरी आधी पाठवावा. नातवंडांना गावच्या फळांची चव द्यावी, आणि ते फळ कोण कसे आणते हेही दाखवावे. आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या या मातीत आहेत. ज्यांच्या हातून आपण ही चव शिकलो, ते आपल्याही आधीपासून येथे आहेत.

दहा रुपयांचे काय झाले, ते सांगून संपवतो. चार दिवसांनी तीच बाई पुन्हा आली. मी डझनाचे शंभर दिले आणि वर मागचे दहा म्हणून आणखी एक नोट पुढे केली. तिने ती घेतली नाही. मागचा सौदा मागेच झाला, तेव्हा ठरला तेवढा दर मिळाला, असे तिचे म्हणणे. मी ओशाळलो. माझ्या पश्चात्तापाचे ओझेही तिनेच उचलावे, अशी माझी अपेक्षा होती की काय, कोण जाणे. नातीने तिला माठातले पाणी आणून दिले, पत्नीने पन्ह्याचा पेला पुढे केला. तो मात्र तिने आनंदाने घेतला आणि पदराने तोंड पुसत ओटीवर घटकाभर टेकली. जाताना पाटीतला एक जास्तीचा गोळा तिने नातीच्या ओंजळीत ठेवला.

तो वानवळा होता. त्या दुपारी आमच्या घरी आलेल्या तेरा गोळ्यांपैकी विकत न घेतलेला तेवढा एकच.