विहार, हॉस्टेलची लॅन आणि मापातलं पाप



आज गीता, अध्याय ६, श्लोक १७. ज्याचं खाणं, विहार, कामातली धडपड, झोप आणि जागणं मापात असतं त्याचा योग दुःख घालवतो, असा साधारण अर्थ. खाण्यावर आणि झोपेवर आपण भरपूर बोलतो. 'विहार' या शब्दावरून मात्र मी इतकी वर्षं नुसता पुढे सरकत आलो. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ अगदी साधा केलाय, पायी चालणं. आपण आज त्यात फिरणं, करमणूक, मोकळा वेळ सगळंच धरतो. म्हणजे भगवंतांनी फुरसतीला जेवणाच्या आणि झोपेच्या पंगतीत बसवलंय. बिघडली तर तीही अंगावर येते.

हा श्लोक आज डोक्यात घोळतोय त्याला कारण आहे. या आठवड्यात मी बाभुळगावला घरी आहे, इथूनच काम चालू आहे. भाचाही आलाय. तो अमरावतीला शिकतो, दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून फोन, मग लॅपटॉप, मग पुन्हा फोन. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर चादरीतून उजेड. ताई म्हणाली, "याले काही समजाव बाप्पा, तू त्यातलाच आहे ना."

'त्यातलाच' हा शब्द तिने सहज वापरला. मला लागला.

समजवायला बसलो तर पोरगा म्हणाला, "मामा, तुम्ही बी दिवसभर स्क्रीनच पाहून राह्यले ना? तुमचं ते काम अन् माझं ते वाया?" मी त्याला ज्ञान दिलं की इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ग्रीक 'स्कोले'वरून आलाय आणि त्याचा मूळ अर्थच फुरसत. विद्या आणि फुरसत हे जुने सोयरे आहेत वगैरे. तो म्हणाला, "मंग आमचं कॉलेज बरोबरच चालू आहे. तासच होत नाहीत." यावर काय बोलणार!

माझं इंजिनीअरिंग २००५ ते २००९. आमच्या हॉस्टेलला इंटरनेट नव्हतं. तीन जणांत एक असेंबल केलेला पीसी, मोठ्या डब्ब्यासारखा मॉनिटर, आणि खिडक्यांमधून या खोलीतून त्या खोलीत गेलेल्या लॅनच्या वायरी. त्या वायरींवर काउंटर स्ट्राइक चालायचं, सिनेमे इकडून तिकडे जायचे. मी दुसऱ्या वर्षाला असताना, मार्च २००७ मध्ये, पवईच्या आयआयटीची बातमी आली. त्यांनी हॉस्टेलच्या खोल्यांतलं इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद करायचं ठरवलं होतं. मुलं रात्रभर गेम, सिनेमे आणि सर्फिंगमध्ये अडकतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, हॉस्टेलमधलं एकमेकांत मिसळणं कमी झालंय, अशी कारणं दिली होती. आम्ही खूप हसलो. देशातली सगळ्यात हुशार पोरं, आणि त्यांना लहान मुलांसारखं झोपवतात!

पण मिसळणं कमी होण्याची गोष्ट खरी होती, आणि ती आमच्याच गच्चीवर घडत होती. पहिल्या वर्षी दर गुरुवारी रात्री गच्चीवर भजन व्हायचं. एक सीनियर हार्मोनियम घेऊन बसायचा, एक ढोलकी, दोन टाळकरी, पंधरावीस पोरं. टाळकऱ्यांपैकी एक मी. ते भजन कधी बंद पडलं हे मला आजही सांगता येत नाही. कुणी बंद केलं नाही, भांडण झालं नाही, रेक्टरने मनाई केली नाही. एका गुरुवारी मॅच चालू होती, एका गुरुवारी नवा सिनेमा आला होता. शेवटच्या वर्षी खोली रिकामी करताना माझ्या कॉटखालच्या बॅगेत टाळ सापडले, हिरवे पडलेले.

मग आयआयटीने केलं ते बरोबर होतं का? यावर मी बरेच दिवस घुटमळलो आहे. कारण बंद करण्याचा प्रयोग आमच्या गावातही चालूच होता, फक्त तो वीज मंडळ करायचं. त्या वर्षांत विदर्भातल्या गावांना लोडशेडिंग किती तास असायचं ते तुमच्यापैकी कुणाच्या घरी विचारा. आता लोक फार गोड आठवणी सांगतात, की लाइन गेली की सगळे ओट्यावर यायचे, गप्पा व्हायच्या, चांदणं दिसायचं. सुट्टीत घरी आलो की मीही ओट्यावर असायचो. बाबा कापसाबद्दल काही सांगत असायचे आणि माझं लक्ष समोरच्या खांबावरच्या दिव्याकडे, कधी येते लाइन. आली की वाक्य अर्धं टाकून आत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५९ वा श्लोक हेच सांगतो. उपाशी माणसापासून विषय दूर होतात, त्यांची गोडी मात्र आत तशीच राहते. लोडशेडिंगने माझा कॉम्प्युटर बंद केला, गोडी नाही. म्हणून 'आमच्या वेळी बरं होतं' हे वाक्य मी भाच्यासमोर वापरत नाही. आमच्या वेळी फक्त वायर छोटी होती.

त्याच्यापुढची अडचण मोठी आहे. २०२० नंतर कॉलेजची सूचना, नोट्स, असाइनमेंट सगळं फोनमध्येच आलं. आम्ही पीसी बंद केला की अभ्यास पुस्तकात शिल्लक असायचा. त्याने फोन ठेवला तर उद्याचं प्रॅक्टिकल कितीला हेही कळणार नाही. अभ्यास आणि करमणूक एकाच खिडकीत, आणि मध्ये उंबरठा नाही.

आणि इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. आधीच्या कंपनीत मी व्हिडिओ ॲपच्या टीममध्ये होतो. एक व्हिडिओ संपला की पाच सेकंद उलटे मोजून पुढचा आपोआप सुरू होतो ना, तो कोड मी लिहिला. लोक ॲपवर किती वेळ थांबले याचा आलेख वर गेला, आम्ही केक कापला. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. कोड स्वच्छ होता, एक बग आला नाही.

श्लोकात 'युक्त' म्हणजे मापात. पण माप दिसायला तर हवं! सिनेमा संपायचा, ढोलकी वाजवणाऱ्याचा हात दुखायचा, मेसची वेळ व्हायची. करमणुकीला स्वतःचा शेवट असायचा आणि तिथे माणूस उठायचा. तो शेवटच आम्ही काढून टाकला. आमच्याकडे कापूस विकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला 'काटा मारणं' म्हणजे काय ते विचारा. बाबा बंडी भरून कापूस घेऊन जायचे आणि मोजताना काट्यावरची नजर हलू द्यायचे नाहीत. मापात पाप करणाऱ्याला ते घरी येऊन ज्या शिव्या द्यायचे त्या इथे लिहिता येत नाहीत. त्यांच्या पोराने पाच सेकंदांचा काटा मारला, आणि त्यांना त्याचा पगार वाढल्याचं कौतुक वाटलं.

मग भाच्याचा दोष शून्य का? तसंही नाही. सहाव्या अध्यायातच अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवान ते नाकारत नाहीत, हो म्हणतात, आणि तरी अभ्यास आणि वैराग्याचं काम अर्जुनावरच ठेवतात. पण मापाची जबाबदारी ग्राहकाची आहे म्हणून काटा मारणारा सुटतो, असं मला गीतेत कुठे सापडलं नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, केकसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते पाच सेकंद तुम्ही केले? मामा, कायले केले बे?" मामाला 'बे' म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो जीभ चावून हसला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी म्हटलं, चल, शंकराचार्यांचा विहार करून येऊ. धामणगाव रोडने चालत निघालो. दोन्ही बाजूंना कापूस, मध्येच तूर. तो कॉलेजबद्दल काही सांगायला लागला होता, एका मुलीचं नावही आलं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. त्याचा नाही, माझा. ऑफिसचा अलर्ट होता, तातडीचा वगैरे काही नव्हता. मी उभं राहून तो पूर्ण वाचला. मान वर केली तेव्हा भाचा पन्नास पावलं पुढे निघून गेला होता, हात मागे बांधून, बाबांसारखा.

उद्या श्लोक १८.