तीच ती जीप

चाळिशीनंतर माणूस दोन प्रकारच्या खरेद्या करतो, गरजेच्या आणि हौशीच्या. गरजेच्या खरेदीला बायकोची परवानगी लागते आणि हौशीच्या खरेदीला तत्त्वज्ञान लागतं. जुनी विलीज जीप घ्यायला मी निघालो तेव्हा माझ्याजवळ यातलं काहीच नव्हतं. बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नसतं हो. तिथं फार तर घसारा असतो.

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ही जीप सहा लाखांहून अधिक संख्येनं काढली. मूळ गाडी ओहायो राज्यातल्या टोलिडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीची. पण एकट्या विलीजला मागणी पुरी करता येईना, म्हणून फोर्ड कंपनीनंही तीच गाडी विलीजच्या नकाशांवरून बनवली. अट एकच होती : इकडचा कुठलाही भाग तिकडं बसला पाहिजे. रणांगणावर दोन मोडक्या जीपमधून एक धडकी करता आली पाहिजे. फोर्डवाल्यांना हे बिननावाचं काम सोसेना. त्यांनी सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, आपलं 'एफ' अक्षर उठवलं. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसं. आणि भांड्यांप्रमाणेच ते बोल्टही शेवटी भलत्याच घरी नांदले.

युद्ध संपल्यावर अमेरिकन परत गेले आणि त्यांच्या कितीतरी गाड्या इथंच लिलावात निघाल्या. त्यातली एक मनोरीला आहे, असं माझ्या कानावर आलं.

मनोरी मुंबईतच आहे, हे मनोरीला गेल्याशिवाय पटत नाही, आणि गेल्यावर तर मुळीच पटत नाही. मालाडहून मार्वेला जायचं, फेरीबोटीत बसायचं आणि खाडी ओलांडायची. चारचाकीनं जायचं तर भाईंदर, उत्तन, गोराई असा वळसा. एका ईस्ट इंडियन घराच्या अंगणात, नारळाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली, ती उभी होती. मालक सत्तरी ओलांडलेले. गावात सगळे त्यांना अंकल म्हणतात, म्हणून मीही अंकल म्हटलं. त्यांच्या वडिलांनी लिलावात ही जीप घेतली आणि दोन होड्यांवर फळ्या टाकून खाडीतून गावात आणली, असं अंकल सांगतात. अकराशे किलोंची जीप होडीतून आणणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. मला बोटीतून नुसती छत्री नीट आणता येत नाही.

याआधी मी हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं अशीच एक जीप पाहिली होती. भाव नऊ लाख. "ऑल ओरिजिनल, सर," असं तो दर दोन मिनिटांनी म्हणत होता आणि सीटला नव्या रेक्झीनचा वास येत होता. अंकलचा भाव चार लाख. तेव्हा मी आपलं रीतसर विचारलं, "अंकल, गाडी ओरिजिनल आहे ना?"

"ओरिजिनल?" अंकल हसले. "ओरिजिनल काय पण नाय, बाबा." आणि आत जाऊन त्यांनी एक वही आणली.

वही लांबट, हिशेबाची. पहिली पानं वडिलांच्या इंग्रजी अक्षरात, पुढची अंकलच्या. १९५३, पुढचे पाटे. १९६१, गिअरबॉक्स. १९६८, खाऱ्या हवेनं पत्रा खाल्ला, सबंध बॉडी नवी, कुर्ला. १९७९, पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवलं, आरसी बुकात नोंद केली. २६ जुलै २००५, पाणी शिरलं, स्टार्टर बाद. प्रत्येक नोंदीपुढं किंमत, मिस्त्री कोण, आणि क्वचित शेराही : "फसवलं." मी आयुष्यभर खतावण्या पाहिल्या, पण इतकी सचोटीची खतावणी आमच्या शाखेत ऑडिटच्या आदल्या दिवशीसुद्धा पाहिलेली नाही.

"चॅसिस तरी मूळची?"

"दोन जागी वेल्डिंग हाय. नंबराची जागा सोडून."

म्हणजे कायद्याच्या लेखी जीप म्हणजे तो नंबर आणि त्याच्याभोवतीचं वीतभर लोखंड. बाकी भाग बहुतेक महिंद्रचे. तेही साहजिकच, कारण १९४७ पासून विलीज जीपची जुळणी मुंबईत त्यांनीच केली. त्या कंपनीचीही गंमत आहे. १९४५ साली ती निघाली तेव्हा नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं १९४८ मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. एक पार्ट बदलला, पण 'एम अँड एम' ही अक्षरं जागच्या जागी राहिली. जीपवाल्यांना हे बरोबर जमतं.

"मग अंकल, राहिलं काय जुनं?"

"राहिलं काय म्हंजे?" अंकलना प्रश्नच कळला नाही. "ही बापाची जीप हाय."

इथं माझी विकेट पडली. एकाच दमात हा माणूस म्हणतो की यातलं काही मूळचं नाही, आणि हेही म्हणतो की जीप तीच. आणि दोन्ही वेळा खोटं बोलत नाही.

मनोरीहून जवळच गोराईला विपश्यनेचा मोठा पॅगोडा आहे, म्हणून आठवण झाली. हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला घातला होता. राजा ज्या रथातून आला त्या रथाबद्दलच त्यांनी विचारलं : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी रथ हे त्या सगळ्याला मिळून दिलेलं एक नाव आहे, इथवर येऊन थांबला. राजाचं बरं होतं. त्याला तो रथ विकत घ्यायचा नव्हता.

आमच्या बँकेत हा प्रश्न रोज सोडवला जातो, पण तिथं मनन करावं लागत नाही, फूटपट्टी लागते. पन्नास किंवा त्याहून मोठी नोट फाटून आली, तर सर्वांत मोठा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असल्यास पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशी टक्के असल्यास निम्मे, त्याखाली काही नाही. या हिशेबानं अंकलची जीप बादच. सरकारचंही तेच मत दिसतं. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी खास नियम केले आणि 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर ठेवला. पण अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. उलट आमचं हिशेबशास्त्र. एक एक भाग बदलला तर तो दुरुस्तीचा महसुली खर्च, सबंध गाडी बदलली तर भांडवली खर्च. म्हणजे पन्नास वर्षांत एक एक करत सगळी गाडी बदलली, तरी खातेवहीत तीच गाडी, तिच्यावर फक्त दुरुस्ती झाली! बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नसतं हे मी मघाशी म्हटलं, ते तेवढं परत घेतो.

मालाडच्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रीला मी गाडी बघायला नेलं. त्यानं घराच्या मागं एक पत्र्याची शेड पाहिली आणि तो हरखलाच. अंकलनी काहीच टाकलं नव्हतं. सडलेली बॉडी, पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, सगळं रचून ठेवलेलं. एका बोल्टावर 'एफ' सुद्धा दिसला. "साहेब, दोन महिने द्या, ही पण उभी करतो," मिस्त्री म्हणाला. हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १६५५ साली एका जहाजाबद्दल नेमकी हीच शंका काढली होती : काढलेल्या जुन्या फळ्यांचं कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? हॉब्जला आमचा मिस्त्री भेटला असता तर त्यानं कोटेशनच दिलं असतं.

पण मिस्त्रीचा खरा सल्ला पुढंच होता. परतीच्या बोटीत तो म्हणाला, "साहेब, म्हातारा स्वतःच कबूल करतोय. वही समोर ठेवा. एकेक नोंद वाचायची, एकेक वीस हजार उतरवायचे. अडीचला देईल."

मिस्त्री चुकत नव्हता. बाजार असाच चालतो. मालविक्रीचा कायदा १९३० चा. खरेदीदारानं आपलं आपण बघून घ्यावं, हे तत्त्व आम्ही त्यात शिकलो. विकणाऱ्यानं खरं बोलू नये, बोलला तर भाव उतरेल, असं कलम मात्र त्यात कुठं नाही. ते तोंडी चालतं. कर्जाच्या अर्जात 'इतर देणी' या रकान्यात पतपेढीच्या हप्त्यापासून मेव्हण्याच्या उसनवारीपर्यंत सगळं लिहिणाऱ्याला कमी कर्ज मिळतं. मुलीला लहानपणी दमा होता हे आधी सांगणाऱ्याकडं दुसरी बैठक होत नाही. हायवेवरच्या त्या व्यापाऱ्यानं वही ठेवलेली नाही, म्हणून त्याचे नऊ लाख. अंकलनी सत्तर वर्षांची ठेवली, म्हणून अडीच.

आणि गंमत अशी की ज्या वहीनं भाव उतरायचा, तिच्याशिवाय ही जीप अंकलच्या बापाची आहे याला दुसरा पुरावाच नाही. त्या नऊ लाखवाल्या जीपचा प्रत्येक बोल्ट मूळचा असेलही. पण १९६१ साली ती कुठं होती हे सांगायला कोणी नाही. मूळचं असणं लोखंडात असतं. 'तीच' असण्याला मात्र कोणीतरी सतत जवळ असावं लागतं, प्रत्येक पाटा बदलताना शेजारी उभं राहिलेलं.

घरी हे सगळं सौभाग्यवतींना सांगितलं. तिनं मेथी निवडता निवडता हातातल्या बांगड्या पुढं केल्या. "या कुणाच्या?"

"आजीच्या."

"आजीच्या पाटल्या होत्या. मोडून या केल्या. सोनाराची मजुरी तुम्हीच भरलीत."

"पण सोनं तेच ना!"

"मग तिथं आकार बदलला तरी आजीच्या, आणि इथं लोखंड बदललं तरी बापाची. यात एवढं काय अडलंय? त्या म्हाताऱ्याला त्याचे चार लाख द्या. चार म्हणालाय ना?"

मिलिंद राजाच्या दरबारात ही बाई असती, तर तो संवाद दीड पानात आटोपला असता.

स्टाफ लोनच्या अर्जात 'निर्मितीचं वर्ष' या रकान्यात १९४४ बसेना. संगणक म्हणे की तारीख अवैध आहे. शेवटी मुदत ठेव मोडली. चार लाख दिले. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि मी वहीसाठी हात पुढं केला.

"वही नाय देनार," अंकल म्हणाले. "बापाचं अक्षर हाय. गाडी तुझी."

बरोबरच होतं. चार लाखांत वहीचा उल्लेख नव्हता. आम्ही दोघं बोटीनं मार्वेला गेलो, तिथल्या दुकानात सगळ्या पानांची झेरॉक्स काढली, आणि सवयीनं मी प्रत्येक पानावर 'मूळ प्रतीशी पडताळून पाहिली' असं लिहून सही केली. अंकलना ते फार आवडलं. त्यांनीही खाली सही केली.

जीप उत्तन-भाईंदरमार्गे घरी आली, दहिसरपासून टोचन लावून. झेरॉक्सच्या पुढं मी कोरी पानं शिवली आणि पहिली नोंद केली : क्लच प्लेट. संध्याकाळी अंकलचा फोन. "काय बदललं ते सांगत जा हां. इकडं पन लिवून ठेवतो." तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही फोनवर दोन्ही वह्यांचा ताळमेळ घालतो. गेल्या महिन्याचा अजून जुळलेला नाही. एका वॉशरचा फरक येतोय.