दोनशे दहा पावलं

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नॉरफॉक नावाचं गाव आहे. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मकाच मका. त्या मक्याच्या मधोमध एका आजोबांचं कुरण होतं. गवत नुकतंच कापलेलं, म्हणून सुट्टीला आलेली दोन नातवंडं तिथे मॉडेल रॉकेटं उडवायची. दादा तेरा वर्षांचा, धाकटी दहाची.

दादाचा सगळा जीव उंचीत. त्याने सी इंजिन आणलं. या इंजिनांचा हिशेब अक्षरांवर चालतो: ए इंजिनाच्या दुप्पट जोर बी इंजिनाचा, त्याच्याही दुप्पट सी इंजिनाचा. पुठ्ठ्याची नळी आणि बाल्सा लाकडाचे पंख असलेलं ते हलकं रॉकेट तीनशे मीटर चढलं. इंजिनातला शेवटचा छोटा बार उडाला, टोपण सुटलं, मोठं पॅराशूट फुललं. दादाने टाळ्या वाजवल्या.

पॅराशूट सेकंदाला तीन मीटर खाली येत होतं आणि वारा त्याला सेकंदाला पाच मीटर बाजूला नेत होता. जमिनीला टेकायला शंभर सेकंद लागले. तेवढ्यात ते अर्धा किलोमीटर लांब गेलं आणि डोक्याहून उंच मक्यात दिसेनासं झालं.

मक्यात हरवलेली वस्तू शोधणं फार जिवावर येतं. ओळीत शिरलं की शेजारच्या ओळीतलंही दिसत नाही, पात्यांच्या कडा हातांवर चरे ओढतात, तुऱ्यांची धूळ डोळ्यांत जाते. दादा अंधार पडेपर्यंत फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं रॉकेट काढलं आणि अलगद उतरावं म्हणून त्याला आणखी मोठं पॅराशूट बांधलं. ते पहिल्याहूनही लांब गेलं.

"वाऱ्याने नेलं," दादा म्हणाला.

"वारा उडवायच्या आधीही होता, बाळा," आजोबा म्हणाले. "तो तू मोजलास का?"

दादाला ते आवडलं नाही.

धाकटीने मात्र ऐकलं. तिने मूठभर गवत वर फेकून ते कुठे पडतं ते पाहिलं. सी इंजिन बाजूला ठेवून ए बसवलं. पॅराशूट काढून लांब नारिंगी फीत बांधली, आणि बाराची धग लागून फीत वितळू नये म्हणून तिच्याखाली न जळणारा कागद चुरगळून घातला. ज्या सळीवरून रॉकेट सुटतं ती सळी वाऱ्याकडे जराशी कलती केली. रॉकेट शंभरेक मीटर चढलं, फीत फडफडवत पॅराशूटच्या दुप्पट वेगाने उतरलं आणि जवळच गवतात पडलं. एक पंख मोडला.

"बघ, मोडलं," दादा म्हणाला.

"मोडलंय, पण माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि गोंद आणायला घरात गेली.

इथे फितीचं कौतुक करून थांबणं बरोबर होणार नाही. जड रॉकेटाला फीत पुरत नाही, ते आपटून फुटतं आणि कुणाच्या डोक्यातही बसू शकतं. त्याला पॅराशूटच हवं, फक्त मधोमध गोल भोक पाडलेलं. हवा त्यातून निसटते, झुलणं कमी होतं आणि ते लवकर खाली येतं. आजोबांनी हे सगळं दादाला सांगितलं. पण त्याला तिसरं रॉकेट सगळ्यांत उंच न्यायचं होतं.

ते रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर अडकलं. डोळ्यांसमोर लोंबकळत होतं. दादा गोठ्यातून ॲल्युमिनियमचा लांब दांडा घेऊन निघाला. आजोबा कधी धावत नसत. त्या दिवशी धावले.

"सोड तो दांडा."

"पण ते दिसतंय, आजोबा! पोचतोय माझा हात."

"म्हणूनच सोड. मक्यात हरवलं तेव्हा रॉकेट गेलं. इथे तू जाशील."

त्यांनी वीज कंपनीला फोन केला आणि दादाला ओसरीवर बसवलं. मग त्याच गावातली एक गोष्ट सांगितली. 1954 साली ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या इथल्या जोड्यांच्या दुकानदाराने पहिलं मॉडेल रॉकेट बनवलं. आतषबाजीचा नाद त्याला होता, तर त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या छोट्या प्रतिकृतींत रमणारा. मुलं तेव्हा घरच्या घरी नळ्यांत दारू ठासत आणि बोटं, डोळे गमावून बसत. कार्लाइलने नळी कागदाची केली, इंजिन दर वेळी बदलता येईल असं केलं आणि आत पॅराशूट ठेवलं. रॉकेटचं नाव रॉक-अ-शूट.

"नावातच पॅराशूट," आजोबा म्हणाले. "ते परत कसं येईल हे त्याने वर पाठवण्याआधी ठरवलं होतं. तू तिन्ही वेळा फक्त वर पाहिलंस."

मला वाटतं, दादाला बोलण्यापेक्षा तो तारेवरचा लाल ठिपका जास्त कळला. कंपनीची माणसं येईपर्यंत दोन दिवस तो जेवताना खिडकीतून त्याच्याकडे पाहायचा.

शनिवारी त्याने शेवटचं रॉकेट काढलं. खोक्यातून सी इंजिन घेतलं, सळी रोवली. मग सगळं तसंच ठेवून मूठभर गवत वर फेकलं आणि ते ज्या दिशेला गेलं तिकडे चालत निघाला. धाकटी बघत होती. तो तोंडाने काहीतरी पुटपुटत मक्याच्या कुंपणापर्यंत गेला आणि परत आला.

"दोनशे दहा पावलं," तो म्हणाला. "तुझ्याकडे ए इंजिन उरलंय का?"