उपयोगी पडण्याचा गुण

सृष्टीतल्या यच्चयावत जीवांची आपण जमा आणि खर्च अशी दोनच खाती पाडली आहेत. रेशमाचा पतंग जमेला, मावा खर्चाला. शाळेत रेशीमकिड्यावर निबंध असतो. माव्यावर फक्त फवारणी.

रेशीमकिड्याचे चरित्र तसे आदर्शच. २५ ते २८ दिवस तुतीचा पाला खायचा, चार वेळा कात टाकायची आणि मग जवळजवळ १००० मीटर लांबीचा अखंड धागा काढून स्वतःला कोंडून घ्यायचे. पतंग कोष भेदून बाहेर आला, तर धाग्याचे तुकडे होतात. म्हणून त्याआधीच आपण कोषाला वाफ देतो, उकळत्या पाण्यात टाकतो आणि पैठणी नेसून लग्नाला जातो. बियाण्यासाठी राखलेले थोडे पतंग बाहेर येतात, पण हजारो वर्षे आपण इतक्या प्रेमाने सांभाळल्यामुळे त्यांना धड उडताही येत नाही.

उलट चवळीवरचा काळा मावा. कोवळ्या शेंड्याला सोंड लावून बसला की उठायचे नाव नाही. नराची वाट न बघता मादी थेट पिल्ले घालते, आणि जन्मणाऱ्या लेकीच्या पोटात नात आधीच आकार घेत असते. बारसे आणि डोहाळजेवण एकाच मांडवात! रसातली जादा साखर थेंबाथेंबाने बाहेर पडते, ती मुंग्या चाटतात आणि बदल्यात माव्यावर टपलेल्या ढालकिड्यांना पिटाळून लावतात. मुंग्यांच्या शाळेत निबंध माव्यावरच असणार.

हे मी सौ.ला ऐकवले. ती चवळीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "मावा पडला की मी तंबाखूचं पाणी मारणारच. पण त्या रेशीमकिड्याला कुणी विचारलं होतं का हो?"

प्रश्न साधा आहे, पण परोपकारावरची निम्मी भाषणे त्यात बुडतात. त्याग हा करणाऱ्याने करायचा असतो. दुसऱ्याने करून घेतला, तर त्याला नुकसान म्हणतात. किड्याने कोष विणला तो स्वतःच्या पंखांसाठी. आपल्या पैठणीची त्याला कल्पनाही नव्हती. मावा चोर खरा, पण मुंगीला देतो ते त्याला नको असलेले. त्या सौद्यात बहुधा दोघेही जगतात, आणि कुणी कुणाला त्यागमूर्ती म्हणत नाही.

आपण मात्र म्हणतो. पंचाहत्तरीच्या समारंभात मुलगा गहिवरून सांगतो, "आईनं आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलं नाही." सभागृह डोळे पुसते. तिला काय हवे होते, हे कुणी विचारले होते का, असे त्या वेळी पुटपुटणे शिष्टाचाराला धरून होत नाही.

मग टाळ्यांच्या गजरात तिला पैठणी देतात. अस्सल रेशमाची.