ग्रहणाचा ताळा आकाशाशी

ग्रहणाच्या वेळा सांगणारे सॉफ्टवेअर अचूक आहे का, हे पाहायची आज रूढ झालेली रीत म्हणजे त्याचे आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहणे. स्पर्श, मध्य, मोक्ष सेकंदाच्या दशांशापर्यंत जुळले की खगोलप्रेमी निश्चिंत होतात. माझ्या मते एवढ्याने फक्त बेरीज-वजाबाकी तपासली जाते, भाकीत तपासायचे राहूनच जाते. सूर्यचंद्रांची स्थाने अनेक प्रोग्राम नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या सारण्यांतून घेतात आणि सावलीचे गणित बेसेलने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या रीतीने करतात. एकाच विहिरीचे पाणी दोन घागरींत भरले, तर चव निराळी कशी लागेल?

खरी अडचण पृथ्वीच्या फिरण्यात आहे. चंद्राचे स्थान एकसमान वाहणाऱ्या काळात काढतात. पण सावली कोणत्या गावावर पडेल, हे त्या क्षणी पृथ्वी किती वळली आहे त्यावर ठरते. या दोन काळांतल्या फरकाला डेल्टा-टी म्हणतात. सध्या तो सुमारे ६९ सेकंद आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी मंदावते, पण एका चालीने नव्हे. इ.स.पू. १३६ मध्ये बॅबिलॉनला खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या पाटीवर आहे. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच गतीने फिरत आली असे धरले, तर ती सावली बॅबिलॉनच्या पार पश्चिमेला पडते. घड्याळात हा फरक तीन तासांहून अधिक भरतो. हे कोणत्याही सूत्रातून निघाले नसते. ते कळले, कारण कोणीतरी वर पाहिले आणि लिहून ठेवले.

पुढचा डेल्टा-टी तर अंदाजानेच धरावा लागतो. एस्पेनाक आणि मेउस यांच्या २००६ च्या ग्रहणकोशातले सूत्र अनेक हौशी प्रोग्रामांत आहे. एप्रिल २०२४ साठी ते सुमारे ७४ सेकंद देते. पृथ्वी अपेक्षेइतकी मंदावली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ६९ च भरले. विषुववृत्तावरचा बिंदू सेकंदाला सुमारे ४६५ मीटर सरकतो, म्हणजे पाच सेकंदांत दोन किलोमीटरांहून जास्त. ते सूत्र वापरणारे दोन प्रोग्राम मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळतील.

याशिवाय चंद्राची कड डोंगरदऱ्यांची आहे. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने त्यांच्या उंच्या मोजल्यामुळे हा प्रश्न बराच सुटला. सूर्याच्या आकाराचा सुटलेला नाही. १८९१ पासून चालत आलेली त्रिज्या खऱ्यापेक्षा किंचित कमी असावी, असे अलीकडची निरीक्षणे सुचवतात, आणि त्याने खग्रास पट्टा थोडा अरुंद होतो.

म्हणून पट्ट्याच्या मधोमध गर्दी करण्यापेक्षा त्याच्या काठावर उभे राहणारी माणसे मला मोलाची वाटतात. न्यूयॉर्कमध्ये २४ जानेवारी १९२५ ला मॅनहॅटनच्या छपरांवर ओळीने निरीक्षक उभे केले होते. खग्रासाची सीमा ९६ व्या रस्त्याच्या आसपास गेली, हे त्यांच्यामुळे कळले. त्याआधी १७१५ मध्ये हॅलीने सावलीचा नकाशा आधीच छापला, लोकांकडून वेळा मागवल्या आणि नंतर दुरुस्त नकाशा काढला. आपले भाकीत सर्वांपुढे मांडून ते तपासा असे सांगणारा हा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

आपल्याकडेही ही शिस्त होती. केरळात परमेश्वराने कित्येक दशके ग्रहणे पाहून १४३१ मध्ये ‘दृग्गणित’ रचले. महाराष्ट्रात केरूनाना छत्र्यांनी ‘ग्रहलाघव’ या जुन्या ग्रंथाचा मान राखूनही दृक्प्रत्ययाचा, म्हणजे गणित डोळ्यांना दिसते त्याच्याशी जुळण्याचा, आग्रह धरला आणि १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. ग्रंथ कितीही थोर असो, आकाशाशी जुळेना तर तो दुरुस्त करायचा, हे धैर्य त्यांनी दाखवले. सॉफ्टवेअरलाही तोच न्याय हवा.

२ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणात खग्रास पट्टा उत्तर आफ्रिकेवरून जाईल. मुंबई-पुण्याहून ते खंडग्रास दिसेल. ढगांनी वाट दिली तर दुर्बिणीच्या तोंडाला सौरफिल्टर लावून मोक्षाची वेळ सेकंदापर्यंत टिपा. स्पर्श नेहमी उशिरा ध्यानात येतो, मोक्षाचा आकडा अधिक भरवशाचा. त्याशेजारी तुमचे अक्षांश-रेखांश, सॉफ्टवेअरने दिलेली वेळ आणि त्याने धरलेला डेल्टा-टी लिहा, आणि नोंद आपल्या खगोल मंडळाकडे पाठवा.